कपाटात ठेवलेली कॉफी

माझं काम कॉफी चाखण्याचं. लोकांना वाटतं काय मजा आहे, दिवसभर कॉफी प्यायची आणि वर पगार घ्यायचा. खरं तर आम्ही कॉफी पीतच नाही. चमचाभर कॉफी जोरात तोंडात ओढायची, जिभेवरून फिरवायची आणि थुंकून टाकायची. दिवसाला साठ-सत्तर वाट्या होतात. ओढताना असा आवाज होतो की नवीन माणूस हसल्याशिवाय राहत नाही. लग्नानंतर बायको एकदा कंपनीत आली होती. तिने तो आवाज ऐकला. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, एक करा. माझ्या आईसमोर चहासुद्धा पिऊ नका."

तिला जाऊन आता तीन महिने होत आले. सकाळी स्वयंपाकघरात उभी होती, छातीत दुखतंय म्हणाली, खुर्चीत बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्हाला मूल नाही. तिची धाकटी बहीण पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिली. तिला सगळे धाकटीच म्हणतात, मीही म्हणतो. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. रडून रडून नाक बंद झालं होतं, एवढं आठवतं. माझ्यासारख्या माणसाचं नाक बंद होणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं असतं.

नाकाबद्दल सांगावं लागेल. आमच्या चाखण्याच्या खोलीत अत्तर, सुवासिक साबण, तंबाखू, फुलं काही चालत नाही. सकाळी लसूण खाल्लेला माणूस टेबलापाशी आला तर आमचे तासभर हाल. आणि हे कंपनीच्या दारात संपत नाही. घरचा वास कपड्यांवर येतो, केसांत येतो, हातांना येतो. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी टेबलावर एक चांगली खेप नापास केली. वाट्यांत फुलांसारखा काहीतरी वास येत होता. दुपारी कळलं की तो माझ्याच शर्टाला होता, तिच्या केसांच्या तेलाचा. मी घरी जाऊन तिला सांगितलं. एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्यानंतर एकतीस वर्षं आमच्या घराला वास नव्हता. बिनवासाचा साबण, बिनवासाचं तेल. तळणं फक्त शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी मला सुट्टी असायची. पाहुणे येणार असले की ती आधीच सांगून ठेवायची, "येताना काही लावून येऊ नका गं, ह्यांचं नाक म्हणजे आमची पोटापाण्याची सोय आहे." तिच्या माहेरचे सगळे मला मागे 'नाकोबा' म्हणायचे. पुढे कंपनीतला कॉफी भाजणारा भट्टीवालाही म्हणायला लागला. त्याच्यापर्यंत हे नाव कसं पोचलं, मला अजून माहीत नाही.

ती स्वतः कॉफी पीत नव्हती. पित्त होतं म्हणायची. पण रोज संध्याकाळी मी बूट काढत असताना विचारायची, "आज कुठे जाऊन आलात?"

मी म्हणायचो, "येमेन. मग कोलंबिया. दुपारनंतर सुमात्रा."

"दमला असाल."

मग जेवताना मी तिला त्या देशाचं काहीतरी सांगायचो. मला दुसरं काही बोलता येत नाही. राजकारण नाही, सिनेमा नाही. कॉफीचं मात्र कितीही सांगतो. दाणा म्हणतात पण तो दाणा नसतो, लाल फळातली बी असते, आणि एका फळात दोन बिया एकमेकींना पाठ... नाही, सपाट पोट लावून असतात. शंभरात चार-पाच फळांत एकच बी धरते, ती गोल होते. कॉफी पृथ्वीच्या कमरेच्या पट्ट्यातच पिकते, कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मध्ये, आणि माणशी सगळ्यात जास्त पितात ते फिनलंडचे लोक, ज्यांच्याकडे तिचं झाड बाहेर एक हिवाळा काढणार नाही. येमेनचे व्यापारी म्हणे बिया उकळून मगच विकायचे, म्हणजे दुसरीकडे कुणी उगवू नयेत. तरी एका फकिराने सात बिया अंगाशी बांधून समुद्रापार नेल्या.

"सातच का?" ती म्हणाली होती. "आठवी वाटेत खाल्ली असेल."

"अगं, दंतकथा आहे ती."

"मग दंतकथेत त्याला पोट नव्हतं का?"

एकदा मी तिला बोटीवरच्या माणसाची गोष्ट सांगितली. फ्रान्सहून एक अधिकारी कॉफीचं रोप घेऊन कॅरिबियन बेटावर निघाला होता. वाऱ्याविना बोट अडकली, पाणी मोजून मिळायला लागलं. त्याने म्हणे आपल्या वाटणीचं पाणी रोपाला दिलं. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, "बरोबर आहे. रोप तक्रार करत नाही ना, आपणच ओळखून द्यायचं." तेव्हा मी हसलो होतो.

तर ती गेल्यावर नऊ आठवड्यांनी असं झालं. धाकटीचा फोन आला. म्हणाली, "भाऊजी, ताईचे कपडे असे कोंडून ठेवण्यात काय अर्थ आहे? माझ्या ओळखीच्या एका संस्थेत बायकांना लागतात. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाते." मी "बरं" म्हणालो. माझं नाक तेव्हा पुन्हा उघडलं होतं. फोन ठेवला, कपाट उघडलं, एक साडी नाकाला लावली.

कसलाच वास नव्हता. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिची उशी हुंगली, ती तर धाकटीने जायच्या आधी धुऊन टाकली होती. कंगवा, स्वेटर, हातरुमाल. धुतलेल्या कापडाचा वास, थोडा लाकडाचा. मला एक वाटी द्या, मी सांगतो हे केनिया की टांझानिया, पोतं जुनं होतं की नवं, वाळवताना पाऊस लागला की नाही. आणि एकतीस वर्षं जिच्या शेजारी झोपलो तिचा वास कसा होता हे मला आठवेना. तिने तो धुऊन टाकला होता, रोजच्या रोज, माझ्यासाठी.

रविवारनंतर शोधायलाही काही उरणार नव्हतं. मला तिचा वास एकदा तरी हवा होता, कपडे जायच्या आत.

कापड नाकाला लावून काही होत नाही हे मला कळत होतं. दोन-तीन श्वासांत नाक थकतं, मग ते सांगतं त्याला अर्थ नसतो. आमच्या धंद्यात त्यावर एक उपाय आहे. कच्ची कॉफी शेजारच्या वस्तूचा वास पिते. एकदा आमची अख्खी खेप बोटीवर साबणाच्या खोक्यांशेजारी होती. इथे पोचली तेव्हा प्रत्येक वाटीत साबण. भाजल्यावर बराच वास उडतो, पण मुरलेला राहतो. मग मी तसंच करायचं ठरवलं. ब्राझीलची एक साधी, सौम्य कॉफी घेतली. ब्राझील जगाची जवळजवळ एक तृतीयांश कॉफी पिकवतं, आणि त्यातली पुष्कळशी अशी असते की तिला स्वतःचं फार काही म्हणायचं नसतं. तिचे दोन भाग केले. एक कंपनीतल्या खोलीत डब्यात बंद केला. दुसरा पातळ कापडी पिशवीत भरून घरी नेला आणि तिच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवला. शाल तिच्या अंगावर सगळ्यात जास्त असायची म्हणून शाल; ती मात्र मुद्दाम हुंगली नाही, पारख वाटीतच व्हायला हवी होती. कपाट बंद केलं आणि दहा दिवस उघडलं नाही.

त्या दहा दिवसांत संध्याकाळी घरी येऊन मी बूट काढायचो आणि थोडा वेळ तसाच बसायचो. कुणी काही विचारत नव्हतं. एकदा मीच मोठ्याने म्हणालो, "ग्वाटेमाला." घरात आवाज विचित्र वाटला. पुन्हा म्हणालो नाही.

शुक्रवारी पिशवी आणि डबा घेऊन भट्टीवाल्याकडे गेलो. तो माझ्याआधीपासून कंपनीत आहे. नमुने भाजण्याची छोटी भट्टी त्याच्याकडे असते.

"हे दोन्ही सारखंच भाज," मी म्हणालो. "हलकं. एक मिनिटसुद्धा इकडेतिकडे नको."

त्याने दोन्हींतले दाणे हातावर घेऊन पाहिले. "नाकोबा, हे एकच आहे की."

"असू दे."

"एकच कॉफी दोनदा भाजून काय करणार? एक उजव्या नाकपुडीला, एक डाव्या?"

मी त्याला सांगितलं. सगळं नाही, पण पिशवी कुठे होती ते सांगितलं. त्याने भट्टी पेटवली. दाणे फिरायला लागले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी माझ्या मुलीच्या लग्नाला आल्या होत्या. मांडवात सगळ्या बायका घमघमत होत्या. ह्या एकट्या नुसत्या पाण्यासारख्या, कसलाच वास नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "वाईट अर्थाने नाही म्हणालो."

"माहीत आहे."

कॉफी एक रात्र ठेवावी लागते. शनिवारी सकाळी दहाला, बाकीचे लोक गोदामात असताना, भट्टीवाल्याने माझ्यासाठी टेबल लावलं. तीन वाट्या, त्यातल्या दोन एक प्रकारच्या आणि एक वेगळी. वेगळी कुठली हे फक्त त्याला माहीत. असं तीनदा करायचं. तीनही वेळा ओळखली तर नशीब म्हणता येत नाही. मी खोलीबाहेर थांबलो, त्याने हाक मारल्यावर आत गेलो.

पाणी ओतलं, चार मिनिटं थांबलो. वर जाड साय धरते. चमच्याने ती मोडायची आणि नाक अगदी वाटीत घालायचं, त्या क्षणी सगळ्यात जास्त कळतं. पहिली वाटी: शेंगदाणे, थोडी साखर. ब्राझील. दुसरी: शेंगदाणे, साखर. तिसरी मोडली आणि मी चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" भट्टीवाला म्हणाला.

"ही."

"अजून तोंडात तर घ्या."

घेतली. मागे, अगदी मागे, चमेली होती. खूप हलकी. इथिओपियाच्या कॉफीत चमेलीचा भास होतो, त्यावरूनच ती ओळखतात. ब्राझीलच्या ह्या कॉफीत तो येऊच शकत नाही. दुसऱ्या खेपेला मी पहिली वाटी दाखवली, तिसऱ्या खेपेला पुन्हा पहिली. भट्टीवाल्याने हातातला कागद उलटा करून दाखवला. तिन्ही बरोबर होत्या.

मी स्टुलावर बसलो. तो म्हणाला, "सापडल्या?" आणि मग खोलीतून बाहेर गेला, दार हळूच ओढून घेतलं. ती वाटी मी थुंकलो नाही. सगळी प्यायलो, गार होईपर्यंत थोडी थोडी. मला वाटत होतं, म्हणजे हिच्या अंगाला चमेलीसारखा वास होता तर. तेल नाही, साबण नाही, तिचा स्वतःचा. आणि मी मूर्ख, जगभर नाक खुपसत बसलो.

रविवारी सकाळी धाकटी आली. साडू खाली गाडीत बसून राहिला, त्याचे गुडघे दुखतात. मी दार उघडलं. ती आत आली, माझ्या शेजारून गेली, आणि तोच वास आला. तोच. वाटीतला होता त्याच्या शंभरपट.

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

"काय बघताय?" ती म्हणाली. "आज मुद्दाम केस धुतले नाहीत. एकतीस वर्षं तुमच्याकडे यायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं अंघोळ करून यायचं. आज म्हटलं, आता कुणासाठी?"

"तू... तू इथे होतीस तेव्हा ती शाल घेत होतीस का? तिची?"

"हो. रात्री गार व्हायचं. आणि ताईची म्हणून. का?"

मी तिला सांगितलं. कपाट, पिशवी, तीन वाट्या, सगळं. सांगताना माझं मलाच कळत होतं की मी काय सांगतोय. मी दहा दिवस थांबून, भट्टी पेटवून, तीनदा पारखून, मेहुणीच्या केसांचं तेल ओळखलं होतं.

धाकटी आधी हसली. तोंडावर हात ठेवून हसली. मग तो हात तसाच राहिला आणि डोळे भरले.

"भाऊजी, ते माझं तेल नाही. ताईचं आहे."

"तिच्याकडे तेल नव्हतं."

"तुमच्या घरात नव्हतं. माझ्या घरात होतं. मोरीच्या वरच्या फळीवर. दर गुरुवारी ती माझ्याकडे यायची ना? आल्या आल्या तेल लावायची आणि खिडकीपाशी बसायची. चार वाजले की केस धुवायची आणि निघायची. ती गेल्यावर मीच लावायला लागले, इथे राहिले होते तेव्हाही. बाटली तिचीच."

गुरुवारी ती ओल्या केसांनी घरी यायची. थंडीतसुद्धा. मी म्हणायचो, सर्दी होईल, केस घरी का नाही धूत? ती म्हणायची, धाकटीकडे गरम पाणी चांगलं येतं. एकतीस वर्षं मला ते खरं वाटलं. माझ्या नाकाला कळलं नाही, इतके स्वच्छ धुवायची.

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुम्ही तिला काही म्हणाला नसता. पण नाक मुरडलं असतं. तुमचं नाक मुरडतं भाऊजी, तुम्हाला कळत नाही."

ती कपाटापाशी गेली, साड्या काढून पलंगावर ठेवायला लागली. मग पाठमोरी असतानाच म्हणाली, "चमेलीच का, ते विचारा."

"का?"

"तुम्हीच तिला सांगितलं होतं म्हणे. कॉफी फुलते तेव्हा अख्खा डोंगर पांढरा होतो आणि चमेलीसारखा वास येतो, दोन-तीन दिवस. मग सगळं गळून जातं. ती मला म्हणायची, ह्यांना जिथे जायचंय तिथला वास आहे हा. स्वतः तरी कुठे गेलेत, वाट्यांमधूनच फिरतात."

मी ते कधी सांगितलं होतं ते मला आठवलं नाही. सांगितलं असणार. असं मी पुष्कळ सांगायचो.

कपडे बांधून झाले. तीन गाठोडी झाली, एका बाईचे कपडे तसे फार नसतात. शाल धाकटीने बाजूला काढली. "ही ठेवा."

"नको, तू घे. तुला गार होतं."

"आणि बाटली? अर्धी आहे अजून. पाठवून देते ह्यांच्याबरोबर."

"नको," मी म्हणालो. "घरात नको. उद्या टेबलावर मला काही कळायचं नाही."

ती गाठोडं हातात घेऊन फक्त माझ्याकडे बघत राहिली. खालून साडूने हॉर्न वाजवला. मी दुसरं गाठोडं उचललं आणि आम्ही जिना उतरलो.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत. म्हणालो, टेबल दुसऱ्या कुणाला द्या, मला गोदामात घाला, पोत्यांवर नजर ठेवायला माणूस लागतोच. साहेबांनी विचारलं, "तब्येत ठीक आहे ना? नाक गेलं का?" मी म्हटलं, नाक आहे. त्यांना काही कळलं नाही, पण माझं वय बघून त्यांनी जास्त विचारलं नाही. भट्टीवाल्याला मात्र संध्याकाळपर्यंत बातमी लागली. तो म्हणाला, "आता तुम्हाला नाकोबा म्हणून चालणार नाही. पोतोबा म्हणावं लागेल."

गुरुवारी अर्धी रजा टाकून धाकटीकडे गेलो. तिने दार उघडलं आणि मी का आलोय हे विचारलं नाही. मोरीच्या फळीवरून बाटली काढून आणली. साधी काचेची बाटली, वरचा कागद निघून गेलेला. खिडकीपाशी एक खुर्ची होती. "इथेच बसायची," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, मुद्दाम आवाज करत.

मी बसलो. बूच काढलं. तळहातावर थोडं तेल घेतलं. माझ्या डोक्यावर आता केस किती, पण होते त्यांना लावलं, कानांच्या मागे, मानेवर. खरं सांगायचं तर तो वास मला ओळखीचा वाटला नाही. आठवण वगैरे काही आली नाही. एखाद्या नव्या देशाची पहिली वाटी पुढे यावी तसं झालं. चांगलं आहे, पण माझं नाही अजून. धाकटीच्या नवऱ्याला, तिच्या मुलांना, खालच्या मजल्यावरच्या बाईला, सगळ्यांना हा वास म्हणजे ती. मलाच तो शिकायचा होता.

चार वाजले तेव्हा धाकटी पदराला हात पुसत बाहेर आली. "पाणी तापवू का? केस धुवायला?"

"नको," मी म्हणालो.

बाटली खिशात घालून बसने घरी आलो. शेजारच्या सीटवरचा माणूस एकदा माझ्याकडे बघून थोडा सरकला. घरी पोचल्यावर बूट काढले, शर्ट न बदलता पलंगावर तिच्या बाजूला आडवा झालो आणि डोकं तिच्या उशीवर ठेवलं. तासाभराने उठलो तेव्हा उशीला तेल लागलं होतं आणि खोलीभर तो वास झाला होता. बाहेर चांगलं वारं सुटलं होतं. खिडक्या मात्र मी उघडल्या नाहीत.